आधी तारे, मग धुकं: दुर्बिणीतले तेजोमेघ आणि दीर्घिका कागदावर कशा उतरवाव्यात

नव्याने रेखाटन करू लागलेल्यांच्या वह्या चाळताना एकच चित्र पुन्हा पुन्हा भेटतं. मधोमध प्रेमाने काढलेला ढग, आणि भोवती मीठ भुरभुरावं तसे तारे. ढग आधी काढलेला असतो, तारे उरलेल्या जागेत बसवलेले असतात. मग ढगाची रुंदी कशाच्या मानाने मोजायची? मापायला काहीच नसतं, म्हणून ते चित्र त्या रात्रीचं राहत नाही.

"मला चित्रकला येत नाही" ही तक्रार इथे गैरलागू आहे. ज्यांनी शाळेत इंटरमीजिएटला 'ए' ग्रेड मिळवली त्यांचाच हात उलट आडवा येतो, कारण त्यांना आधी बाह्यरेषा काढायची सवय असते आणि तेजोमेघाला बाह्यरेषा नसते. चित्र बिघडतं ते बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे. म्हणून खाली सगळं क्रमानेच सांगतो. उदाहरणाला मृग नक्षत्रातला मोठा तेजोमेघ, म्हणजे एम ४२, घेतला आहे. दुर्बीण ८ इंची, एफ/६ (नाभीय अंतर आरशाच्या व्यासाच्या सहापट) डॉब्सोनियन, म्हणजे हाताने ढकलत फिरवायची आरशाची दुर्बीण, नाभीय अंतर १२०० मिमी. तुमची दुर्बीण वेगळी असली तर आकडे बदलतील, क्रम बदलणार नाही.

## १. घरी, दिवसाउजेडी

कागद कार्ट्रिज घ्या, किंचित खरखरीत. वहीचा गुळगुळीत कागद शिसं धरत नाही आणि चकाकतो. त्यावर वर्तुळ काढा. बांगडी किंवा वाटी ठेवून पाच-सहा सेंटीमीटरचं वर्तुळ काढणारे बरेच आहेत, आणि मग त्यात काही मावत नाही. घरात पडलेली जुनी सीडी घ्या, तिचा व्यास बरोबर १२ सेंटीमीटर असतो. वर्तुळाच्या कडेला बाहेरून १२, ३, ६, ९ अशा घड्याळाच्या खुणा करा आणि केंद्रावर अगदी हलका ठिपका द्या. असे तीन-चार कागद तयार ठेवा.

पेन्सिली चार: २एच, एचबी, २बी, ४बी. अंधारात त्या ओळखू याव्यात म्हणून मी रबरबँड गुंडाळतो: २एचला एकही नाही, एचबीला एक, २बीला दोन, ४बीला तीन. सोबत दोन पेपर स्टंप, म्हणजे शिसं पसरवायच्या घट्ट कागदी कांड्या (एक जाड, एक बारीक), मळता येणारं खोडरबर, टोक काढायला पॉलिश पेपरचा तुकडा आणि एक रद्दी कागद. स्टंप मिळाला नाही तर कानातला इअरबड चालतो, पण त्याने बारीक काम होत नाही. बोटाने मात्र कधीच पुसू नका. त्वचेचं तेल कागदावर बसतं आणि तिथे पुढे शिसं डाग धरून बसतं.

आता थोडा हिशेब. २५ मिमीच्या आयपीसने (डोळ्याला लावायच्या भिंगाने) १२०० भागिले २५, म्हणजे ४८ पट वर्धन मिळतं. साध्या प्लोसल आयपीसचं दृश्य क्षेत्र सुमारे ५२ अंश धरलं तर आकाशातलं खरं क्षेत्र जेमतेम एका अंशाहून थोडं जास्त, म्हणजे ६५ कला (६० कला म्हणजे एक अंश). शेजारी शेजारी दोन पौर्णिमेचे चंद्र मावतील इतकं. हे ६५ कलांचं क्षेत्र १२ सेंटीमीटरच्या वर्तुळात येणार आहे, म्हणजे एक कला म्हणजे कागदावर साधारण १.८ मिलिमीटर. हा आकडा कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. पुढे त्याने बरीच लाज वाचते.

स्टंपचा सराव घरीच करा. रद्दी कागदावर ४बीने एक काळा चौकोन घासा, स्टंप त्यात फिरवून शिसं उचला आणि कोऱ्या कागदावर गोल गोल, वजन न देता, फिकट होत जाणारा पट्टा काढा.

तपासणी: पट्टा कुठे संपला ते तुम्हालाच बोट ठेवून सांगता येत असेल, तर अजून सराव हवा.

## २. जागेवरचा पहिला अर्धा तास

अमावस्येच्या अलीकडचे-पलीकडचे पाच-पाच दिवस धरा. एम ४२ साठी जानेवारीचा मध्य उत्तम, रात्री दहाच्या सुमारास तो याम्योत्तरावर, म्हणजे आकाशात सर्वांत उंच, असतो. दुर्बीण उघडी ठेवून आरसा थंड होऊ द्या, कोलिमेशन (आरसे एका रेषेत आहेत का ते) एकदा बघून घ्या आणि बसायची सोय करा. उभ्याने, वाकून, मान तिरकी करून रेखाटन होत नाही. प्लास्टिकची दोन स्टुलं एकावर एक ठेवली की बहुतेक उंचींना पुरतं.

डोळे अंधाराला सरावायला किमान २०-३० मिनिटं लागतात, आणि एका पांढऱ्या झोतात ती पाण्यात जातात. गावाबाहेर दुर्बीण लावली की चार मंडळी बॅटरी मारत येणारच, आणि यायलाच हवीत. त्यांना आधी गुरू दाखवून टाका, प्रश्नांची उत्तरं द्या, चहा घ्या, आणि ती गेल्यावर मग अर्धा तास मोजायला सुरुवात करा. कुणी बघायला येईल म्हणून मनात धास्ती ठेवून काढलेलं चित्र घाईचंच होतं.

दिवा लाल आणि मंद हवा. मोबाइलची स्क्रीन नुसती लाल केली तरी ती प्रखरच राहते. गणपतीच्या सजावटीतला लाल जिलेटीन कागद टॉर्चवर चार-पाच पदर बांधा, आणखी मंद हवा तर आणखी पदर. कागदावरचा पेन्सिलचा ठिपका कसाबसा दिसेल इतकाच उजेड पुरे.

इशारा: लाल पेनाने काहीही लिहू नका. लाल उजेडात लाल अक्षर कागदात विरून जातं. मी एकदा पाऊण तास नोंदी केल्या आणि पान कोरं का दिसतंय म्हणून दिव्याला दोष देत बसलो होतो.

इशारा: जानेवारीत दव पडतं, नदीकाठी आणि कोकणात तर लवकरच. ओलसर कागदावर स्टंप फिरवला की तंतू उठतात आणि ते चित्र गेलं. वापरात नसताना क्लिपबोर्डवर प्लास्टिकचं फोल्डर टाकत जा.

## ३. दहा मिनिटं पेन्सिल न उचलता

हा टप्पा सगळे गाळतात. आयपीसला डोळा लावला, "वा!" म्हटलं, आणि हात कागदाकडे. पण पहिल्या मिनिटात जे दिसतं ते फारच थोडं असतं.

डोक्यावर काळं कापड घ्या, जुनी ओढणी चालेल, म्हणजे बाजूचा उजेड तुटतो. मग थेट न पाहता तिरप्या नजरेने पाहा. मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी दृष्टिपटलाच्या मध्यभागी नसतात, बाजूला असतात. उजवा डोळा लावला असेल तर नजर वस्तूच्या किंचित उजवीकडे न्या, म्हणजे वस्तू नाकाच्या बाजूला राहील. डाव्या डोळ्याला उलट. दुसऱ्या बाजूला नजर नेली तर वस्तू अंधबिंदूवर पडायची शक्यता असते आणि मग "इथे काहीच नाही" असं खात्रीने वाटतं. नळीला बोटाने हलकी टिचकी मारूनही पाहा. स्थिर असताना न दिसलेली फिकट कड प्रतिमा हलली की उमटते. आणि श्वास रोखू नका, रोखल्याने दिसणं कमीच होतं.

जे दिसेल ते पुटपुटा. "मधे चार तारे गच्च. त्यांच्याकडे घुसलेली एक काळी खाच. एका बाजूला तीन तारे ओळीत. दोन पंख, एक जास्त उजळ. वरच्या बाजूला वेगळा छोटा ढग, मधे तारा." हे झालं एम ४२ चं वर्णन, शेवटचा छोटा ढग म्हणजे एम ४३. उजळपणाचा क्रम लावा: पहिलं काय, दुसरं काय, आहे की नाही अशी शंका कुठे. हा क्रमच पुढे तुमच्या छटा ठरवतो.

इशारा: त्या दिवशी त्या वस्तूचा फोटो पाहू नका. फोटोतला गुलाबी रंग डोळ्याला दिसत नाही. राखाडी दिसतं, फार तर मधल्या भागात हिरवट झाक. फोटो डोक्यात असला की हात त्याचीच नक्कल करतो, आणि ते तुम्हाला कळतही नाही.

## ४. ताऱ्यांचा सांगाडा

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. सांगाडा बरोबर बसला तर धुकं आपोआप जागेवर पडतं.

एक. ठळक तारा केंद्रावर आणा. आपल्याकडे तो मधल्या चौकडीचा गट आहे. डॉब्सोनियन आकाशाबरोबर फिरत नाही, त्यामुळे दर मिनिटाला प्रतिमा सुमारे १५ कला सरकेल. प्रत्येक ठिपका देण्याआधी चौकडी पुन्हा केंद्रावर आणायची, हा नियमच करून टाका.

दोन. पश्चिम ठरवा. दुर्बीण सोडून द्या, तारे ज्या कडेतून बाहेर पडतात ती पश्चिम. तिथे वर्तुळाबाहेर बाण काढा. न्यूटोनियन (आरशाच्या) किंवा डॉब्सोनियन दुर्बिणीत तिथून घड्याळाच्या उलट दिशेने ९० अंशांवर उत्तर येते. काटकोनी डायगोनल (आयपीसआधी प्रकाश वळवणारा आरसा) असलेल्या दुर्बिणीत प्रतिमा आरशातल्यासारखी उलटी असते, तिथे घड्याळाच्या दिशेने मोजा. प्रतिमा उलटी दिसते म्हणून मनातल्या मनात सुलटी करायला जाऊ नका. दिसते तशी काढा.

तीन. सर्वांत ठळक चार-पाच तारे आधी, एचबीने, अगदी हलके. घड्याळाची भाषा वापरा: "हा चारच्या दिशेला, केंद्र आणि कड यांच्या मधोमध." अर्धं अंतर, पाव अंतर, पाऊण अंतर, एवढं पुरतं. चौकडी केंद्रावर असेल तर दक्षिणेकडचा इओटा हा ठळक तारा जवळजवळ कडेला लागतो, कारण तो अर्ध्या अंशाहून किंचित लांब आहे. कडेबाहेर गेला तर दुर्बीण जराशी ढकलून तो आहे कुठे ते पाहा. ही तुमची मोठी मोजपट्टी.

चार. मग त्रिकोण. नवा तारा नेहमी दोन बसवलेल्या ताऱ्यांशी ताडून पाहा. तिघांचा त्रिकोण चपटा आहे, उभट आहे की काटकोनी?

पाच. तारे किती काढायचे? बसवता येतील तेवढेच. वर्तुळात पंचवीस तारे नेमके असणं हे शंभर अंदाजाने शिंपडण्यापेक्षा शंभरदा बरं.

चौकडीपाशी जवळजवळ प्रत्येक जण फसतो. ते चार तारे एकमेकांपासून जेमतेम २२ विकलांच्या आत आहेत (६० विकला म्हणजे एक कला). आपल्या मापाने कागदावर ते अर्धा-पाऊण मिलिमीटर भरतात! पण नजर तिथेच खिळलेली असते, म्हणून हात त्यांना सेंटीमीटरभर पसरवतो. मग बाकीचा तेजोमेघ त्या मापाने काढायचा तर कागद पुरत नाही, आणि एम ४३ चा तारा, जो चौकडीपासून सुमारे ८ कलांवर म्हणजे कागदावर दीड सेंटीमीटरवर हवा, तो वर्तुळाच्या कडेला जाऊन बसतो. चौकडीची जागा एका ठिपक्याने दाखवा. चार तारे वेगळे काढायची हौस असेल तर शेजारी छोटं वर्तुळ करून १० मिमीच्या आयपीसमधून, १२० पटीने, स्वतंत्र काढा.

दुसरा फास वेळेचा आहे आणि तो आपल्या अक्षांशावर जास्त घट्ट बसतो. पुण्याहून पाहताना एम ४२ याम्योत्तरावर ६६ अंश उंच असतो. त्या सुमारास डॉब्सोनियनमधलं दृष्टिक्षेत्र नुसतं सरकत नाही, स्वतःभोवती फिरतंही. अर्ध्या तासात सतरा-अठरा अंश, म्हणजे घड्याळावरच्या दोन आकड्यांमधल्या अंतराच्या निम्म्याहून जास्त. सुरुवातीला तीनवर असलेला तारा नंतर भलतीकडे दिसतो. मी हे कळण्याआधी दोन रात्री बरोबर बसवलेले तारे खोडून "दुरुस्त" केले आणि दोन्ही चित्रं नासवली. उपाय साधा आहे: सांगाडा पंधरा मिनिटांत उरका, त्याची वेळ लिहा, आणि नंतर क्षेत्र फिरल्यासारखं दिसलं तर बोर्ड फिरवा, तारे नव्हे. विषुववृत्तीय माउंट (आकाशाच्या अक्षाला समांतर फिरणारी बैठक) वापरणाऱ्यांना ही कटकट नाही.

तपासणी: डोळे आयपीसवरून काढा, दहा सेकंद थांबा, पुन्हा लावा. ताऱ्यांचा आकृतिबंध कागदाशी जुळतो का? नसेल तर आत्ताच खोडा. धुकं चढवल्यावर तारा हलवणं म्हणजे भिंत रंगवून झाल्यावर खिडकी सरकवणं.

## ५. धुकं चढवणं

पेन्सिलीचं टोक इथे कागदाला लागू देऊ नका. रद्दी कागदावरच्या काळ्या चौकोनातून स्टंपने शिसं उचला, एकदा कोऱ्या जागी टेकवून जादाचं काढून टाका, मग चित्रावर या.

सर्वांत फिकट भागापासून सुरू करा. दोन्ही पंखांचा जितका विस्तार तिरप्या नजरेने खात्रीने दिसतो तितक्यावर एकच फिकट थर. मग आत, उजळ भागावर दुसरा. मग चौकडीभोवती तिसरा. प्रत्येक थराआधी पुन्हा आयपीस. मधला भाग एकदम काळा केला तर त्यापुढे उजळ दाखवायला जागाच उरत नाही. लक्षात ठेवा, पांढऱ्या कागदावर आपण निगेटिव्ह काढतो आहोत, काळं म्हणजे उजळ.

काळी खाच काढायची नसते, ती ठेवायची किंवा उचलायची असते. मळलेल्या खोडरबराला टोक काढून खाचेच्या जागी नुसतं दाबा आणि उचला, घासू नका. खाचेची एक कड तीक्ष्ण दिसते, दुसरी विरघळत जाते. दोन्ही सारख्या केल्या की ती खाच न राहता भोक होतं.

स्टंप ताऱ्यांवरून फिरला की ठिपके फरपटतात. म्हणूनच आधी ते हलके दिले होते. धुकं पूर्ण झाल्यावर २बी उभी धरून, जागच्या जागी फिरवून, ठळक तारे पुन्हा ठासा. मंद ताऱ्यांना टोकदार २एच. ताऱ्याचा ठळकपणा ठिपक्याच्या आकाराने दाखवायचा, किरणं काढून नव्हे. फोटोत दिसणारे चार काटे हे दुय्यम आरशाच्या पट्ट्यांचे असतात, ते पेन्सिलीने ओढायचं कारण नाही.

यूएचसी किंवा ओ-तीन फिल्टर (मुख्यतः तेजोमेघाचाच प्रकाश आत सोडणारा) असेल तर तो इथे लावा, सांगाड्याच्या वेळी नाही. फिल्टरने पार्श्वभूमी काळी होते आणि पंख लांबतात, पण तारे मंदावतात. फिल्टरने दिसलेला भाग कुठला ते टिपून ठेवा.

## ६. दीर्घिकांसाठी काय बदलतं

दीर्घिकांना फिल्टर लावू नका. त्यांचा प्रकाश ताऱ्यांचा आहे, फिल्टर तोच खातो. वर्धन मात्र वाढवून पाहा. एफ/६ ला १२ मिमीचा आयपीस दोन मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यात देतो, आणि लहान दीर्घिका त्यात अनेकदा २५ मिमीपेक्षा उठून दिसतात.

सुरुवातीला सप्तर्षीतली एम ८१ आणि एम ८२ ही जोडी घ्या, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात रात्री दहाच्या सुमारास. दोघी अर्ध्या अंशाहून थोड्या जास्त अंतरावर, म्हणजे २५ मिमीच्या एकाच क्षेत्रात. एक लंबगोल आणि मधे उजळ, दुसरी काडीसारखी आणि मधे काळसर चिरलेली. इथली नेहमीची चूक झुकावाची: काडी नेमकी कुठल्या दिशेला झुकली आहे ते शेजारच्या ताऱ्यांशी ताडून घ्या. कागदाच्या कडेशी समांतर काढली तर दहातल्या नऊ वेळा चुकलेली असते. आणि धुक्याचा क्रम इथे उलटा: गाभ्यापासून बाहेर. गाभा ताऱ्यासारखा टोकदार आहे की पसरट, हे आधी ठरवा.

देवयानी, एम ३१, पहिल्या रात्री घेऊ नका. ती तीन अंश लांब आहे, तुमच्या क्षेत्रात मावत नाही. घेतलीच तर फक्त गाभा, शेजारची एम ३२ आणि पलीकडची फिकट, मोठी एम ११० एवढं काढा, आणि चित्र कडेला तुटलं तर तुटू द्या.

एम ५१ ची सर्पिल भुजा हा प्रामाणिकपणाचा पेपर आहे. ८ इंचीतून दोन धूसर ठिपके, त्यातला एक मोठा, हे नक्की दिसतं. खरोखर काळ्या आकाशाखाली मोठ्या ठिपक्याभोवती वळणाचा भास होतो. पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ साली डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, तसल्या आकाशात नशीब काढा. शहराच्या कडेवरून काढलेल्या चित्रात मला सुबक भोवरा दिसला की मी फोटोचं नाव विचारतो.

## ७. नोंदी, तिथेच

तारीख, वेळ (सांगाड्याची आणि संपल्याची), जागा, दुर्बीण, आयपीस, वर्धन, फिल्टर, आणि आकाश कसं होतं. आकाशासाठी कृत्तिकेत नुसत्या डोळ्यांनी किती तारे मोजता आले तो आकडा लिहा, "छान होतं" पेक्षा तो पुढे उपयोगी पडतो. शंका असलेल्या भागाला बारीक "शं." लिहून बाण काढा.

## ८. दुसऱ्या दिवशी सकाळी

पक्की प्रत काढायची तर चोवीस तासांच्या आत, आठवण ताजी असताना. मूळ कागद समोर ठेवून, नव्या वर्तुळात, त्याच क्रमाने. डाग पुसा, ठिपके गोल करा, छटा सारख्या करा. रात्री न दिसलेला एकही तारा वाढवायचा नाही. पडताळणीसाठी तारानकाशा काढायचाच असेल तर पक्की प्रत झाल्यावर काढा, आणि चूक सापडली तर चित्र न बदलता समासात लिहा.

मग ३०० डीपीआयला स्कॅन करून गिम्पसारख्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये रंग उलटे करा, म्हणजे काळ्यावर पांढरं दिसेल. उलटं केल्यावर कागदाची खरखर आणि बोटांचे ठसे अंगावर येतात, तेवढेच पुसा. कॉन्ट्रास्ट इतका ताणू नका की तेजोमेघ दिव्यासारखा पेटेल. स्क्रीनवरचं चित्र आयपीसमध्ये दिसलं होतं त्यापेक्षा किंचित मंद वाटलं तर ते बरोबर आहे.

दव लागलेला, डागाळलेला मूळ कागद मात्र टाकू नका. पक्क्या प्रतीच्या मागेच टाचून ठेवा. पुढच्या जानेवारीत तोच तेजोमेघ काढाल तेव्हा आधी जुना कागद न बघता काढा, आणि मग दोन्ही शेजारी ठेवून "शं." लिहिलेल्या बाणांपैकी किती टिकले ते मोजा.